साखर उतरली तर गाडीची वाट पाहत बसू नका



'शुगर वाढली' हा शब्द आता गावोगावी पोहोचला आहे. पारावर, दूध डेअरीच्या रांगेत, सोसायटीच्या ओट्यावर कुणाची किती निघाली याची चौकशी होते. उपाशीपोटी इतकी आणि जेवल्यावर इतकी, हे आकडे लोकांना उसाच्या भावासारखे तोंडपाठ आहेत. पण साखर वाढते तशी उतरतेही. वाढलेली साखर माणसाला वर्षानुवर्षे आतून पोखरते. उतरलेली साखर तासा-अर्ध्या तासात उभा माणूस आडवा करते. ही दुसरी गोष्ट मात्र अजून पारावर आलेली नाही. आजचा लेख त्यासाठीच आहे.

शेतीच्या पानावर हा दवाखान्याचा विषय कशाला, असे कुणी विचारील. त्याचे असे आहे की, गावात साखर उतरण्याची कारणे बहुतेक वेळा शेतीच्या कामातच असतात. पहाटे ऊसतोडीला निघालेला माणूस, रात्रीच्या लाइटवर दारे धरणारा माणूस, दुपारी तीनपर्यंत भाकरी न सोडता कापूस वेचणारी बाई, बाजार समितीत मालाच्या लिलावासाठी सकाळपासून ताटकळलेला माणूस. यातले कुणी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल आणि पोटात अन्न नसेल, तर साखर उतरायला वेगळे कारण लागत नाही. आणि हे जिथे घडते तिथे दवाखाना नसतो. बांध असतो, विहीर असते आणि शेजारचा शेतकरी असतो. पहिला इलाज त्या शेजाऱ्याच्या हातात आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

हे काही शहराचे दुखणे राहिलेले नाही

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. वीस वर्षांवरील लोकांत शहरी भागात शंभरामागे १६ जणांना, तर ग्रामीण भागात शंभरामागे जवळजवळ ९ जणांना तो आढळला. ही सरासरी धरली तर हजार मतदारांच्या गावात ऐंशी-नव्वद माणसे निघतात. त्यातली काहींना स्वतःलाच ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक आहे त्यांतली बरीच गोळ्या घेतात, काही इन्सुलिन टोचतात. उतरण्याचा धोका आहे तो या औषध घेणाऱ्यांना.

सगळ्याच गोळ्या सारख्या नसतात, हेही समजून घ्या. नुसती मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्याची साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, हे गोळी पाहत नाही. तिचे काम ती करतच राहते. यातल्या ग्लिबेनक्लामाइडबाबत तर साठीच्या पुढच्या माणसांना ही योग्य नाही, अशी टीप जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०१३ पासून आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाकिटावर यातले कोणते नाव आहे ते आज संध्याकाळीच वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. नाव सापडले म्हणून गोळी बंद करू नका, पण डॉक्टरांना जरूर विचारा.

मोटार आणि मेंदू

रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजायची. ५४ च्या खाली गेली की प्रकरण गंभीर. आणि आकडा कोणताही असो, माणसाला स्वतःला सावरता येईना, दुसऱ्याची मदत लागली, की ती अतिगंभीर अवस्था समजायची.

मेंदू हा जवळजवळ संपूर्णपणे साखरेवर चालतो आणि त्याच्याजवळ साखरेचा साठा नसल्यासारखाच असतो. आपल्या विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घ्या. व्होल्टेज पडले की मोटार नुसती घुमते, पाणी उचलत नाही. त्याच वेळी स्टार्टर पाडला तर मोटार वाचते. तशीच घुमत ठेवली तर वाइंडिंग जळते. मेंदूचेही तसेच आहे. साखर पडली की माणूस आधी घुमतो, म्हणजे भलतेच बोलतो, भलतेच वागतो. त्या वेळी साखर मिळाली तर थोड्याच वेळात पूर्ववत होतो. तशीच बराच वेळ पडून राहिली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. फरक एवढाच की मोटार पुन्हा भरून आणता येते.

दूध धंदा करणाऱ्यांना तर हा प्रकार गोठ्यात पाहून माहीत आहे. व्यालेली एचएफ गाय दूध भरपूर देते, खाद्य मात्र तेवढे खात नाही, आणि तिला कीटोसिस होतो. रक्तातली साखर उतरते. गाय सुस्त होते, आंबोण खात नाही, कधी झोकांड्या खाते. पशुवैद्यकीय डॉक्टर येऊन शिरेतून डेक्स्ट्रोज देतात. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. गाईच्या बाबतीत आपण दहा जणांना फोन करून डॉक्टर गाठतो. घरच्या माणसाने झोकांडी खाल्ली तर मात्र 'पडू द्या घटकाभर, येईल शुद्धीवर' म्हणतो. हे बदलले पाहिजे.

ओळखायचे कसे?

सुरुवातीला हात-पाय थरथरतात, दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते, एकदम भूक लागते, ओठांना मुंग्या येतात. पुढे माणूस चिडचिड करू लागतो, जीभ जड होते, विचारले एक तर सांगतो दुसरे, दोन-दोन दिसतात, पाय लटपटतात. कधी लकवा मारल्यासारखी एक बाजू लुळी पडते. शेवटी झटके येतात किंवा शुद्ध हरपते. मधुमेह फार वर्षांचा असेल तर थरथर आणि घाम या पहिल्या खुणा होतच नाहीत, माणूस एकदम बडबडायला लागतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही धडधड आणि थरथर झाकली जाते.

आपल्याकडे या लक्षणांचे चार चुकीचे अर्थ लावले जातात.

पहिला, 'चढवून आलाय.' जीभ जड, चाल वाकडी, बोलणे असंबद्ध, म्हणजे दारू, असे लोक ठरवून टाकतात आणि बाजूला होतात. खरोखर घेतलेली असली तरी गोष्ट संपत नाही. उपाशीपोटी दारू घेतली तर यकृताचे साखर तयार करण्याचे काम थांबते, आणि मधुमेहाची गोळी वर असेल तर साखर आणखी उतरते. तोंडाला वास आला म्हणून साखर उतरलेली नाही, असे समजू नका.

दुसरा, 'अंगात आलंय' किंवा 'बाहेरचं आहे.' माणूस एकदम ओरडायला लागला, ओळखेनासा झाला की लिंबू उतरवायला सुरुवात होते. ज्यांना ते करायचे ते नंतर करोत. आधी तो मधुमेहाचे औषध घेतो का, एवढे विचारा.

तिसरा, ऊन लागले. उष्माघातात अंग तव्यासारखे तापते. साखर उतरलेल्याचे अंग बहुधा थंड आणि घामाने चिंब असते. हात लावून पाहिले तर अंदाज येतो.

चौथा, औषधाची बाधा. हा अर्थ मी चुकीचा म्हणत असलो तरी त्याकडे दुर्लक्ष करू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. ऑरगॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाच्या बाधेतही घाम फुटतो आणि थरथर होते. पण तिथे तोंडातून लाळ गळते, डोळ्यांना पाणी येते, उलट्या-जुलाब होतात आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. माणूस फवारत होता आणि मधुमेहीही आहे, असे असेल तर दोन्ही शक्यता धरून चाला. त्याला शिवारातून बाहेर काढा, औषध लागलेले कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, औषधाच्या डब्याचे लेबल सोबत ठेवा आणि गाडीतल्या डॉक्टरांना 'याला शुगरही आहे' हे सांगायला विसरू नका.

शुद्धीवर असेल तर

गिळता येत असेल आणि हाक मारल्यावर ओ देत असेल, तर पुढीलप्रमाणे करा.

१) आधी सुरक्षित जागी बसवा. विहिरीचा काठ, चालू कडबा कुट्टी, मळणी यंत्र, ट्रॅक्टरची सीट, यापासून दूर न्या. एकटे सोडू नका.

२) लगेच १५ ते २० ग्रॅम साखर पोटात जाऊ द्या. म्हणजे चहाचे तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर अर्धा पेला पाण्यात. ती नसेल तर तेवढीच साखर पाण्यात विरघळवून. तीही नसेल तर गुळाचे पाणी, अर्धा पेला उसाचा रस किंवा साधे गोड कोल्ड्रिंक. 'शुगर फ्री' पेय किंवा बिनसाखरेचा चहा याचा काही उपयोग नाही. पेढा, बर्फी, चॉकलेट यांत तूप-मलई असते, त्यामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. भाकरीही उशिरा पोहोचते, ती नंतर द्यायची.

३) डॉक्टरांनी व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी दिलेली असेल तर ग्लुकोज पावडरच द्या. या गोळ्या साध्या साखरेचे आणि गुळाचे पचन लांबवतात, त्यामुळे साखरपाणी लवकर लागू पडत नाही. म्हणूनच घरात ग्लुकोजचा पुडा असलेला बरा.

४) पंधरा मिनिटे थांबा. ग्लुकोमीटर असेल तर तपासा. अजून ७० च्या खाली असेल किंवा माणूस सावरला नसेल तर तेवढेच पुन्हा द्या. दोन-तीन वेळा देऊनही फरक पडला नाही, किंवा मध्येच गुंगी वाढू लागली, तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

५) सावरल्यावर भाकरी, दूध, केळे, बिस्किटे असे काही खायला द्या, नाहीतर साखर पुन्हा उतरते. त्यानंतर किमान पाऊण तास मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर हातात देऊ नका.

ग्लुकोमीटर नसेल तर? तरीही साखर द्या. 'वाढली असेल आणि आपण आणखी दिली तर' अशी धास्ती लोकांना वाटते. वाढलेली असेल तर तीन चमचे साखरेने त्या घटकेला फारसे बिघडत नाही. उतरलेली असेल आणि दिली नाही, तर मात्र बिघडते. उलट, चक्कर आली म्हणून मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन देणे हा घातक प्रकार आहे. तो कुणीही करू नये.

ग्लुकोमीटर वापरताना बोट आधी धुऊन कोरडे करा. गुऱ्हाळावर काम करणाऱ्याच्या, केळी-द्राक्षे हाताळणाऱ्याच्या बोटाला गोड चिकटलेले असते, आणि मशीन खोटाच मोठा आकडा दाखवते. पट्ट्यांची डबी उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. बियाण्याची पिशवी जशी आपण सावलीत ठेवतो, तशीच हीही ठेवा.

बेशुद्ध असेल तर

इथे एकच नियम पाठ करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचे नाही. पाणी नाही, साखरपाणी नाही, गुळाचा खडा नाही. गिळण्याची शुद्ध नसली की ते श्वासनळीत जाते आणि माणूस गुदमरतो. साखर उतरली हे बरोबर ओळखूनही तिथेच जीव जाऊ शकतो.

त्याला कुशीवर निजवा, वरचा पाय गुडघ्यात वाकवा, तोंड जमिनीकडे थोडे झुकलेले ठेवा, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर पडेल. झटके येत असतील तर हात-पाय दाबून धरू नका, दातांत चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवत वेळ घालवू नका. भोवतालची दगड-अवजारे बाजूला करा. श्वास चालू आहे ना, हे पाहत राहा. श्वास थांबला तर १०८ वरून सांगतील त्याप्रमाणे छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.

फोनवर काय सांगायचे, तेही ठरलेले असू द्या. 'पेशंट मधुमेही आहे, अमुक गोळी किंवा इन्सुलिन घेतो, बेशुद्ध आहे, श्वास चालू आहे.' मग गाव, तालुका, वस्तीचे नाव आणि जवळची खूण. आपल्या वस्त्यांच्या पाणंदीला पाट्या नसतात. म्हणून एका पोराला बॅटरी घेऊन फाट्यावर उभे करा. गाडीला रस्ता शोधायला लागणारी दहा मिनिटे आपण अशी वाचवू शकतो. गाडी लांबून येणार असेल तर १०८ वर विचारून, मिळेल त्या वाहनाने प्राथमिक आरोग्य केंद्राकडे निघा आणि आधी तिथे फोन करा. वाहनातही माणूस कुशीवरच हवा, आणि एक जण सतत त्याच्या तोंडाकडे पाहणारा हवा. गोळ्यांची पाकिटे, केसपेपर सोबत घ्या.

गाडीतले डॉक्टर काय करतात?

आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, आणि गाडीत डॉक्टर असावा अशी तिची रचना आहे. आल्यावर ते आधी श्वास, नाडी आणि साखर तपासतात. गिळता येत नसेल तर शिरेतून ग्लुकोज देतात. ग्लुकॅगॉन नावाचे स्नायूत द्यायचे इंजेक्शनही असते. शीर सापडत नसेल तेव्हा ते कामी येते. काही देशांत ते रुग्णाच्या घरीच ठेवलेले असते. पण यकृतात साठा असेल तरच ते साखर बाहेर काढू शकते. फार दिवस उपाशी असलेल्याला किंवा दारू प्यालेल्याला त्याचा उपयोग कमी होतो.

इथे आपल्या कामाची एक गंमत सांगतो. शिरेतून द्यायचे ग्लुकोज वेगवेगळ्या तीव्रतेचे असते, १० टक्के, २५ टक्के, ५० टक्के. पूर्वी जितके तीव्र तितके चांगले, असा समज होता. ब्रिटनमध्ये रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांनी साखर उतरलेल्या ५१ जणांवर याची तुलना केली. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. १० टक्क्यांचे घेतलेले आणि ५० टक्क्यांचे घेतलेले, दोन्ही गट साधारण आठ मिनिटांत शुद्धीवर आले. पण १० टक्केवाल्यांना एकूण साखर सुमारे १० ग्रॅम लागली, तर ५० टक्केवाल्यांना २५ ग्रॅम गेली आणि नंतर त्यांची साखर नको तेवढी वर गेली. शिवाय तीव्र द्रावण शिरेबाहेर झिरपले तर तिथली कातडी-मांस जळते. युरियाचा हात जड पडला की पीक करपते, फवारणीचे औषध जास्त घातले म्हणून अळी जास्त मरत नाही, हे आम्ही तुम्हाला चर्चासत्रात सांगतो. तोच हिशेब इथेही लागू आहे. तेव्हा गाडीतल्या डॉक्टरांनी पातळ ग्लुकोज हळूहळू सोडले तर 'मोठी बाटली लावा, जोराची लावा' असा आग्रह धरू नका. त्यांना त्यांचे काम करू द्या.

'आता बरं वाटतंय' हा सापळा

ग्लुकोज चढले की माणूस दहा मिनिटांत उठून बसतो. कुठे आहे, काय झाले, विचारतो. लोकांना चमत्कार वाटतो. मग घरचे म्हणतात, 'बरं वाटतंय ना अण्णा? मग कशाला दवाखाना? गाडी परत पाठवा.' जनावरे सोडायची असतात, दारे मोडायचे असते, आणि दवाखान्याचा खर्च तर डोळ्यांसमोर उभाच असतो.

बंधूंनो, माणूस गोळीवर असेल तर गाडी परत पाठवू नका. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांच्यासारख्या गोळ्यांचा असर चोवीस तास आणि त्याहूनही जास्त टिकू शकतो. मूत्रपिंड अधू असेल तर औषध शरीरातून बाहेर पडायला आणखी वेळ लागतो. शिरेतून दिलेली साखर तास-दोन तासांत वापरून संपते, गोळी मात्र अजून रक्तात काम करत असते. मग रात्री दोन वाजता, सगळे झोपलेले असताना, साखर पुन्हा उतरते. दिवसा पडला तेव्हा पाहणारे होते. रात्री कुणी नसते. म्हणून गोळीवरच्या माणसाला, तो कितीही ठणठणीत दिसला तरी, दवाखान्यात देखरेखीखाली ठेवायचे. दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनलाही हेच लागू आहे. वयस्कर, एकटे राहणारे, दारू घेतलेले, यांना तर घरी ठेवूच नका.

आणि एकदा असे झाले की डॉक्टरांकडे जाऊन औषधाचा डोस पुन्हा ठरवून घ्या. साखर एकदा उतरली हा निरोप आहे, डोस, जेवण आणि काम यांचे गणित कुठेतरी चुकते आहे.

गावाने काय करावे?

आता सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी म्हणजे आपले ग्रामसेवक भाऊसाहेब, आणि पोलिस पाटील यांना विनंती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवसांना आपण ग्रामसभा घेतो. येत्या ग्रामसभेत अर्धा तास या विषयाला द्या. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा आणि माणसाला कुशीवर कसे निजवायचे, हे सगळ्यांसमोर करून दाखवायला सांगा. ऐकलेले विसरते, पाहिलेले राहते, हा आमच्या पीक प्रात्यक्षिकांचा अनुभव आहे.

दुसरे, ग्रामपंचायतीत, दूध डेअरीत आणि सोसायटीत एकेक डबा ठेवा. त्यात ग्लुकोजचा पुडा, पेला, चमचा, ग्लुकोमीटर, पट्ट्या, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत १०८. पैसा फार लागत नाही. स्वनिधीतून किंवा ग्राम आरोग्य समितीच्या निधीतून होण्यासारखे काम आहे. पट्ट्यांची मुदत पाहण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा. नाहीतर अग्निशमनाच्या नळकांड्यासारखा डबा भिंतीला शोभेपुरता लटकत राहील.

तिसरे, ऊसतोडीच्या टोळ्या. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे बाहेरून माणसे येतात, आपलीही बाहेर जातात. मुकादमांनी टोळीत कोण मधुमेहाचे औषध घेतो हे विचारून ठेवावे, त्याला फडावर मध्ये दहा मिनिटे खायला सुट्टी द्यावी आणि टोळीच्या सामानात ग्लुकोजचा पुडा ठेवावा. कोयता, मोळी आणि भरलेली ट्रॉली यांच्यामध्ये उभ्या माणसाला भोवळ येणे म्हणजे काय, हे मुकादमांना वेगळे सांगायला नको.

चौथे, उपास आणि वारी. आषाढी, श्रावण, नवरात्र, रमजान, प्रत्येकाची श्रद्धा प्रत्येकाजवळ. पण गोळी घेऊन उपास आणि वर दिवसभर चालणे किंवा काम, हे तिन्ही एकत्र येऊ देऊ नका. उपासाच्या आधी डॉक्टरांना विचारून डोस बदलून घ्या. स्वतःच्या मनाने गोळी सोडायची नाही, आणि स्वतःच्या मनाने पूर्ण डोस घेऊन उपाशीही राहायचे नाही.

आणि शेवटी, ज्यांना मधुमेह आहे त्यांना

लाजू नका. गावात पुष्कळ जण आपल्याला शुगर आहे हे लपवतात. कुणी पोरीचे लग्न जमायचे म्हणून, कुणी लोक नावे ठेवतील म्हणून. ज्याच्या बांधाला बांध आहे त्याला तरी सांगून ठेवा. रात्री पाणी द्यायला एकटे जाणार असाल तर खाऊन जा, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा, घरी येण्याची वेळ सांगून जा. सदऱ्याच्या खिशात एक कागद ठेवा, 'मला मधुमेह आहे, अमुक औषध घेतो, भलतेच वागताना दिसलो आणि गिळता येत असेल तर साखर द्या, बेशुद्ध असलो तर १०८ ला फोन करा.' तो कागद पिकाच्या विम्याच्या पावतीइतकाच जपून ठेवा.

उतरण्याच्या भीतीने औषध सोडू नका. सोडलेल्या औषधाने डोळे, मूत्रपिंड, पाय जातात. औषध वेळेवर, भाकरी वेळेवर, आणि खिशात तीन चमचे ग्लुकोज, एवढी शिस्त पुरे आहे.

गाडी बोलावली की ती येईल. पण ती येईपर्यंतची वीस-पंचवीस मिनिटे गावाची आहेत. त्या मिनिटांत शुद्धीवरच्या माणसाला साखर द्यायची, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचे नाही, आणि उठून बसलेल्या माणसाला दवाखान्यात पाठवायचे. या तीन गोष्टी आज जेवताना घरात सांगा, उद्या डेअरीवर सांगा. तुमच्या शेजारच्या बांधावर कोण कधी भोवंडेल ते सांगता येत नाही, आणि तुम्हीच भोवंडलात तर शेजारच्याला हे माहीत असलेले बरे.